धूर माझा, पेशंट तुमचे

जिन्यातून धूर वर येताना दिसला, तेव्हा दुपारची औषधं नुकतीच वाटून झाली होती. मोठ्या सिस्टर रजेवर, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा बायकांचा वॉर्ड माझ्यावर. मी एकटीच सगळीकडे धावत होते — आणि कुठेच पोचत नव्हते.

तेवढ्यात अग्निशमन दलाचा अधिकारी धापा टाकत आत आला.

"इथं प्रमुख कोण?"

"मी... म्हणजे, आज मीच."

त्यानं वॉर्डभर एक नजर फिरवली. "मग असं करू, सिस्टर. धूर माझा, पेशंट तुमचे. कोणाला कसं उचलायचं ते तुम्ही सांगा, वाट मी सांगतो."

काय जादू झाली कोण जाणे, माझा आवाज परत आला! आयांना, नातेवाइकांना मी भराभर कामं वाटून दिली. अडलं एकाच गोष्टीवर. खिडकीजवळच्या आजींना ऑक्सिजन लावलेला. मला त्यांना आधी न्यायचं होतं.

"चालणाऱ्यांना आधी जाऊ द्या," तो म्हणाला. "स्ट्रेचर जिन्यात अडकलं तर मागचे सगळे अडकतील. आजींसाठी मी परत येतो."

मी क्षणभर त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "जा. मी त्यांच्यापाशी थांबते."

वॉर्ड रिकामा झाला. दाराच्या फटीत ओल्या चादरी कोंबून आम्ही दोघी बसलो. आजींनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा... आणि दार उघडलं. तोच! मागे त्याचे जवान.

खाली मोकळ्या हवेत आल्यावर आजींनी मास्क बाजूला सारला. "पोरी, याचं लग्न झालंय का विचार गं!"

"नाही झालं, आजी," तोच म्हणाला — आणि कानापर्यंत लाल झाला.

सगळे सुखरूप वाचले. पुढे तो आम्हाला आगीच्या वेळी काय करायचं ते शिकवायला आला. शिकवणी आटोपली, आम्ही दोघं व्हरांड्यात चहा घेऊन उभे राहिलो.

"आभार मानायचे राहूनच गेले," मी म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून—"

"आपण होतो म्हणून." तो हातातला कप उगाच फिरवत राहिला. "एक सांगू? तुम्हाला आत ठेवून जाताना मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं, तर... पाय निघाला नसता."

मी माझा कप कठड्यावर ठेवला.

"मग आता बघा की," मी हळूच म्हणाले.

त्यानं बघितलं. चहा दोघांचाही गार झाला.