गुरुवारची ड्युटी

चतुराबाई पेठच्या बसमधून घाटात उतरल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पण श्रावणातल्या धुक्याने दिवस पार गिळला होता. काम साधंच होतं. नवरा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि घाटातल्या पोलीस चौकीवरून दिनेश शिपायाचा फोन आला होता, "काकू, साहेबांचा थर्मास इथंच राहिलाय. घेऊन जाता का?"

त्यांचे यजमान, पुंजा महाले, सतरा वर्षं तोफखान्यात होते. मग माजी सैनिक म्हणून पोलिसात लागले आणि शेवटी याच चौकीवरून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यालाही नऊ वर्षं झाली होती. मग थर्मास इथं कसा?

चतुराबाईंनी तेच विचारलं. दिनेशने मान खाली घातली.

"दर गुरुवारी यायचे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला तर त्र्यंबकला जातो म्हणायचे." मध्यंतरी त्यांच्या मनात भलताच संशयही येऊन गेला होता. तो आठवून त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिनेशने हळू आवाजात सांगितलं. हवालदारांच्या निवृत्तीला महिना राहिला असताना मजुरांची एक जीप दरीत गेली. ते स्वतः दोराने खाली उतरले, सहा जणांना वर आणलं. सातवा खालून हाका मारत होता. तीन दिवस शोधला, पण सापडला नाही.

"मग हाका थांबल्या?"

"नाही ना, काकू… साहेब येऊन कठड्यावर बसले, दोन शब्द बोलले, की मगच थांबायच्या. आता ते गेले. हा तिसरा गुरुवार. मला नाही हो जमत तिथं बसायला…"

थर्मास हे निमित्त होतं, हे चतुराबाईंच्या ध्यानात आलं. त्या उठून कठड्याकडे निघाल्या. मागे दिनेशने कडी लावल्याचा आवाज आला.

भुरभुर पाऊस सुरूच होता. दगडी कठडा निथळत होता. त्यांनी पिशवी अंथरली आणि बसल्या. खाली धुक्यात काहीच दिसत नव्हतं. कुजलेल्या पाल्याचा वास तेवढा येत होता.

"हवालदार… आलात का?"

आवाज दमलेला होता, माणसाचाच होता. चतुराबाईंनी कठड्याची कड धरली. पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात.

"मी त्यांची बायको," त्या कशाबशा म्हणाल्या. "ते वारले, बाबा. आता नाही यायचे."

खालचा आवाज आणखी बारीक झाला.

"मंग तुमी बसा… थोडं. एकट्याला लय भ्याव वाटतं."

आणि त्या बसल्या. काय बोलावं सुचेना, म्हणून स्वतःचंच सांगू लागल्या. देवळाली कॅम्पातली खोली, तोफांच्या सरावाने फळीवर नाचणारी भांडी, सरहद्दीवरून दोन-दोन महिने न येणारं पत्र. फौज सुटली, आता माणूस घरी राहील वाटलं, तर पोलिसांचे बंदोबस्त सुरू झाले. गणपतीत बंदोबस्त, सिंहस्थात बंदोबस्त. चाळीस वर्षं त्यांनी दोन ताटं वाढली आणि बहुतेक वेळा एक झाकून ठेवलं. हे त्या कधी कुणाला बोलल्या नव्हत्या. नवऱ्यालासुद्धा नाही. बोलता बोलता डोळे वाहू लागले, भीती कुठल्या कुठे गेली.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "तू नीज आता."

"निजतो…" आवाज थांबला. मग अगदी हळू आला. "पर… तुमच्या शेजारी कोन बसलंय?"

चतुराबाईंनी मान वळवली नाही. छातीत एकदम ऊन पडल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांनी अखेर तो माणूस शेजारी येऊन बसला होता.

"तेच असतील," त्या म्हणाल्या. "ऐकत असतील माझं."

खालचा आवाज कुजबुजीवर आला.

"न्हाय… हवालदारांना मी वळखतो. ह्यो त्ये न्हाय… उठा, बाई. सावकाश उठा…"

त्या उठल्या. कशा उठल्या ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. चौकीच्या दारापाशी पोचल्यावर एकदाच मागे वळून पाहिलं. कठडा टोकापासून टोकापर्यंत पावसाने काळा पडला होता. फक्त त्यांच्या पिशवीला खेटून एक हातभर दगड कोरडा, पांढरा होता.

दिनेशने दार उघडलं आणि तो त्यांच्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाला, "या ना… दोघंही आत या."