सीलबंद प्रश्न

कूलरखालचा ग्लास भरून वाहत होता आणि मी नुसती बघत उभी होते. कुणीतरी हात पुढे करून नळ बंद केला.

"पूर आणायचा विचार आहे का?"

तो वरच्या मजल्यावरचा आकडेवाला. नव्या चाचण्या कितपत खऱ्या, याची गणितं मांडणारा. मी खालच्या लॅबमधली टेक्निशियन. नवं किट आलं की निरोगी नमुना म्हणून आम्ही स्वतःचंच रक्त लावून बघतो. त्या दिवशी मी लावलं... आणि पॉझिटिव्ह! रक्ताचा एक दुर्मिळ आजार.

का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं. "चाचणी पंच्याण्णव टक्के अचूक आहे. म्हणजे मी पंच्याण्णव टक्के गेलेच ना?"

"छे हो! हजार माणसं धरा. आजार दोघांनाच. चाचणी दोघांनाही पकडते. पण निरोगींतही शंभरामागे पाच जणांवर उगाच ठपका ठेवते, म्हणजे जवळपास पन्नास. ठपका बावन्नांवर, आजारी दोनच." मग हळूच म्हणाला, "तुम्ही त्या पन्नासांतल्या असाल..."

"आणि दोघांतली असले तर?"

त्याने खोटा धीर दिला नाही, तिथेच मला तो आवडला.

पक्क्या तपासणीला तीन आठवडे लागणार होते. रडत बसायचं नाही, असं मी ठरवलं. रोज कामावर गेले. रोज चार वाजता तो कूलरपाशी असायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्याची नजर काहीतरी विचारू बघायची... आणि मी अडवायचे. रिपोर्ट वाईट आला तर त्याच्याशी सगळं तोडून टाकायचं, हे मनाशी पक्कं होतं.

"रिपोर्ट येईपर्यंत एक शब्द नाही. दया नकोय मला."

"दया? तुझ्यावर? आधी मला बोलू तर दे!"

रिपोर्टच्या आदल्या दिवशी त्याने एक सीलबंद पाकीट माझ्या हातात ठेवलं. वर तारीख, वेळ, सही.

"आमच्याकडे प्रश्न निकालाआधी लिहून बंद करतात. निकाल बघून प्रश्न बदलला, तर ती लबाडी. उद्या काहीही येवो... माझा प्रश्न हाच."

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन बंद पाकिटं होती. तो समोर उभा. मी आधी त्याचं फोडलं.

'माझ्याशी लग्न करशील?'

माझा सगळा पक्का विचार डळमळला. त्याचा प्रश्न निकालाआधीचा, मग माझं उत्तर का नको? मी ॲप्रनच्या खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'हो.' तारीख, वेळ, सही.

"आता फोड रिपोर्ट," मी म्हणाले.

त्याने वाचलं... आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"निगेटिव्ह!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसत तो म्हणाला, "आता धोका टळलाय हं. उत्तर बदलायचं असेल तर—"

"लॅबच्या कागदावर सही झाली की खाडाखोड चालत नाही," मी म्हणाले आणि त्याचं पाकीट खिशात टाकलं.