ज्वारीत एक गहू

"ओ पावणं, काय सोनं शोधालाय व्हय ज्वारीत?"

मी मान वर केली नाही. शाहूपुरीतल्या नागाप्पांच्या धान्याच्या दुकानात, काउंटरवर स्टीलचं ताट ठेवून मी मूठभर ज्वारी पसरली होती आणि बोटानं एकेक दाणा सरकवत होते. बाहेर नोव्हेंबरात नको तेव्हा आलेली रिपरिप चालली होती. दुकानात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं.

"सापडला," म्हणत मी एक दाणा चिमटीत धरून काउंटरपलीकडच्या माणसाच्या नाकासमोर नेला.

त्यानं तो नीट बघितला. "गहू हाय की ह्यो."

"म्हणूनच ही ज्वारी नको. दुसरं पोतं दाखवा."

"आवो, लोक खडं काढून टाकत्यात… तुम्ही खडा तसाच ठेवलाय, आन् गहू टाकालाय?"

खरंच, खडा ताटातच होता. खड्यानं फार तर दात दुखतो. मी वर बघितलं. तिशीचा असेल. कपाळावर विभूतीचं पुसट बोट, केसांवर धान्याची धूळ, आणि डोळ्यांत निव्वळ चौकशी. कोल्हापुरातला दुकानदार तुम्हाला पहिल्या वाक्यात ताई, मावशी नाहीतर वहिनी करून टाकतो. यानं यातलं काहीच केलं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

मग मी त्याला सांगितलं. गव्हात ग्लूटेन असतं, ते माझ्या आतड्याला चालत नाही. थोडं नाही, अजिबात चालत नाही. चपाती, पाव, शिरा, शेवया, सगळं सात वर्षांपूर्वी बंद झालं.

"मग भाकरी खायची की!"

"ज्वारी गिरणीत गव्हाच्या मागून दळतात. त्याच जात्यावर."

तो गप्प झाला. हे ऐकून गप्प होणारा तो पहिलाच माणूस. बाकीचे लगेच म्हणतात, एवढ्यानं काय होतंय.

"मग खाताय तरी काय?"

"अख्खी ज्वारी. भिजवायची, शिजवायची, गार करायची. वर कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, काकडी, लिंबू. सॅलड."

"सॅलड म्हणं!" तो मनापासून हसला. "आमची अव्वा, म्हंजे आई, ह्यालाच पचडी म्हणतीया. फकस्त त्यात ज्वारी नसती."

त्याचं नाव वीरेश. नागाप्पा त्याचे मामा. आठवडाभर तो दुकानावरच्या खोलीत राहायचा आणि रविवारी कुरुंदवाडला आईकडे जायचा. हे सगळं मी विचारलं नव्हतं. दुसरं पोतं सोडता सोडता त्यानंच सांगितलं.

माझं सांगायचं तर मी क्रांती. वय एकोणतीस. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर लोखंडी भाग मापायचे आणि मापात बसत नसेल त्यावर लाल शिक्का मारायचा. नाही म्हणण्याचाच पगार घेते म्हणा ना. कॅन्टीनमध्ये मी शेवटच्या टेबलावर एकटी बसते, कारण बाकीच्या टेबलांवर चपातीचे तुकडे असतात. सुरुवातीला पोरी बोलवायच्या, आता बोलवत नाहीत. लग्नात मी अक्षता टाकून पंगतीच्या आधी निघते. आई-बाबा भावाकडे पुण्याला असतात. राजारामपुरीतल्या माझ्या घरात चार वाडगे आहेत, त्यातले तीन अजून नवेच आहेत.

एकदा साखरपुडाही झाला होता माझा. धैर्यशील नाव त्याचं. त्याच्या आईनं सगळ्या पाहुण्यांदेखत पुरणपोळीचा घास माझ्या तोंडाशी आणला आणि मी तोंड बाजूला केलं. आजाराचं त्यांना आधी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि घास नाकारणं वेगळं. आठ दिवसांनी निरोप आला. त्यानंतर मी कुणाच्या हातचं खाल्लं नाही, आणि तशी वेळही कुणी आणली नाही.

पुढच्या शनिवारी दुकानात गेले तर काउंटरखालून एक पिशवी निघाली. त्यावरच्या चिकटपट्टीवर मार्करनं लिहिलं होतं, 'क्रांती. गहू न्हाय.'

"कुणी निवडली?"

"मीच की. ताट धुतलं, हात धुतलं, दोनदा बघितली." मग जरा खाली बघत म्हणाला, "ज्वारीचं माप बी वेगळं केलंय. तुमच्यापुरतं."

दोन किलो ज्वारी दोनदा निवडायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे. मी घरी येऊन ती पिशवी ओट्यावर ठेवली आणि उगाचच कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. मग चिकटपट्टीसकट ते अक्षर अलगद सोडवून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. वयाला शोभत नाही, पण लावलं.

डिसेंबरात तो एकदा घरी आला. कोवळ्या मेथीची जुडी घेऊन. मी ज्वारी कुकरमधून काढून पंच्यावर पसरली होती, वाफ जिरत होती. तो मोरीत हात कोपरापर्यंत धुऊन आला आणि मेथी खुडायला बसला.

"चिरायची न्हाय हं. हातानं तोडायची, न्हायतर कडू हुती."

"बरं."

"लिंबू शेवटी."

"सॅलड कुणाचं आहे?"

"तुमचंच हाय. म्हणून तर सांगालोय…"

मी दुसरा वाडगा काढला. नवीन होता, त्याच्यावरचं लेबल अजून तसंच होतं. त्यानं ते नखानं काढलं. मग एक घास खाल्ला, चावत राहिला. शिजलेली ज्वारी जरा वेळ घेते, दाताखाली टपटप फुटते.

"कसं झालंय?"

"मीठ कमी हाय."

"आणि?"

"आन्… एकटीनं केल्यागत लागतंय."

असं कुणी तोंडावर बोलतं का? पण त्यानं वाडगा चाटूनपुसून संपवला, आणि माझ्या घरात सात वर्षांत पहिल्यांदा दोन वाडगे धुवायला पडले. मला तो आवडायला लागला होता. लागला होता कसला, चांगलाच आवडला होता.

जाताना दारात म्हणाला, "अव्वानं बोलावलंय. येत्या रविवारी. घाबरू नका, तिला सगळं सांगितलंय."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस घाबरतोच.

कुरुंदवाडला त्याच्या अव्वानं, रत्नव्वांनी, दाराशीच माझे दोन्ही हात धरले. दोन दिवस त्या ज्वारी निवडत होत्या. पातेलं नवीन आणलं होतं. सकाळपासून घरात कुणासाठी चपाती लाटली नव्हती. वीरेशची बहीण रक्षिता म्हणाली, "काल आण्णांनी गव्हाची पोती बी गोठ्यात हलवली. गव्हाची धूळ नको म्हणं." आण्णा म्हणजे वडील. ते कोपऱ्यात बसून नुसते हसत होते.

मोठ्या परातीत पचडी होती. ज्वारी, मेथी, मुळा, कांद्याची पात, कोथिंबीर, ओलं खोबरं. आणि वरून घातलेली चुरचुरीत फोडणी.

वास आला आणि माझा हात थांबला. हिंग!

डबीतला हिंग बहुतेक वेळा नुसता हिंग नसतो. त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण हिंगाची डबी वाचतं कोण? यांना माहीतच नव्हतं. यांनी पोती हलवली होती आणि चमचाभर गहू स्वतःच्या हातानं परातीत घातला होता.

"ऊटा माड, तायी," रत्नव्वा म्हणाल्या. "जेव की ग लेकी, का बघत बसलीस?"

चौघं माझ्याकडे बघत होते. कुणी स्वतःचा पहिला घास घेतला नव्हता. कारखान्यात मी दिवसाला चाळीस वेळा नाही म्हणते. पण तिथं मला काही गमवायचं नसतं. इथं होतं. मला पुरणपोळीचा तो घास आठवला, आणि त्यानंतरचे आठ दिवस.

मी खाल्लं. "छान झालंय," म्हणाले. रत्नव्वांनी आणखी वाढलं, तेही खाल्लं. वीरेश इतका खूश होता की त्याचं स्वतःचं ताट तसंच राहिलं.

जेवणानंतर तो म्हणाला, "नदीवर जाऊया? संगम बघायला… जरा बोलायचं हुतं."

"उशीर होतोय," मी म्हणाले. पोटात सुरू झालं होतं.

पुढचे चार दिवस मी अंथरुणात होते. त्याचा फोन आला, मी म्हणाले, कामात आहे. पुन्हा आला, मी उचलला नाही. काय सांगणार होते? तुमच्या आईच्या हातचं खाऊन आजारी पडले? आणि नाही सांगितलं तर पुढच्या रविवारी पुन्हा तीच परात. दोन्हीकडून तेच. मी सॅलड करणंही सोडलं, नुसता वरीचा भात खात राहिले. पावणेतीन आठवडे गेले. ज्वारी संपली, पण शाहूपुरीकडे पाय वळला नाही. फ्रिजवरचं अक्षर मात्र काढवलं नाही. रात्रीच्या एकटेपणाची मला सवय होती. आता दुपारीसुद्धा घर खायला उठायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात वीरेश. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हिंगाची डबी.

"ह्यात गहू असतोय," तो म्हणाला. "काल दुकानात माल लावताना वाचलं. तुमच्यामुळं हल्ली सगळंच वाचतोय." मग थांबला. "तुम्हाला ठाऊक हुतं?"

"…हो."

"तवा? परातीम्होरं बसल्यावर?"

"वासावरूनच कळलं."

"आन् तरी खाल्लं?"

मी मान हलवली. तो आत आला, खुर्ची असून जमिनीवर बसला.

"का?" त्याचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. कोल्हापूरकर हळू बोलला की समजावं, फार लागलंय. "अव्वा काल फोनवर रडली. म्हणाली, मी लेकीला इख घातलं. आन् तुम्ही म्हणाला, छान झालंय!"

"सगळे माझ्याकडे बघत होते हो… सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला वाढत होतं. मी नाही म्हटलं असतं आणि तुम्ही पण…" मग धैर्यशीलचं, पुरणपोळीचं, सगळं सांगून टाकलं.

तो डबी हातात फिरवत ऐकत राहिला.

"त्या दिवशी नदीवर न्हेऊन तुम्हाला एक विचारणार हुतो," तो शेवटी म्हणाला. "बरं झालं न्हाय विचारलं."

"का?"

"तुम्ही व्हय म्हणाला असता. आन् मला कसं कळायचं, ते खरं व्हय हाय का पचडीवाणी 'छान झालंय'?"

बरोबरच बोलत होता तो.

मग त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे रत्नव्वा. आधी नुसतं नाक ओढणं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "लेकी, आमच्यात नको असंल तर ब्याडा म्हणत्यात. सासूला बी म्हणत्यात, सासऱ्याला बी. कुणाला राग येत न्हाय. म्हण बघू."

"ब्याडा," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

"ब्याडा!"

"हां. आता त्या पोराला कायतरी खायला घाल, सकाळपासनं उपाशी हाय."

पण त्यानं मला काही करूच दिलं नाही. पिशवीतून निवडलेली ज्वारी काढली. ती रात्रभर भिजवून आणली होती. कुकर लावला, हात कोपरापर्यंत धुतले, मेथी हातानं तोडली, पुदिन्याची पानं खुडली, काकडी कोचली. हिंग नाही, फोडणी नाही. मी ओट्याला टेकून बघत होते. शेवटी लिंबू पिळून त्यानं खिशातून एक पुडी काढली आणि भाजलेले शेंगदाणे वर पसरले.

"घ्या," त्यानं वाडगा पुढं केला. "ह्या खेपंला मीठ बरोबर हाय."

मी चमचा घेतला. सकाळचं ऊन वाडग्यात पडलं होतं. त्याच्या बोटांना मेथीचा वास येत होता. चमचा तोंडापर्यंत नेला… आणि थांबले.

"शेंगदाणे पोत्यातून कशानं काढले?"

"मापानं की."

"कुठल्या मापानं?"

तो सांगायला गेला आणि तोंड उघडंच राहिलं. ज्वारीचं माप त्यानं वेगळं केलं होतं. शेंगदाण्यांचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळी ज्या मापानं गहू घातला, त्याच मापानं काढले होते. चेहरा इतका पडला त्याचा की मला वाटलं, खाऊन टाकावं. एक वाडगाच तर आहे. चार दिवस अंथरूण, मग सगळं सुरळीत.

मी चमचा खाली ठेवला.

"ब्याडा," मी म्हणाले. "नाही खाणार मी हे."

मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, डोळ्यांपर्यंत गेलं. त्यानं वाडगा स्वतःकडे ओढून घेतला.

"मुद्दाम केलं न्हाय हं. शपथ."

"माहीत आहे."

"मग… आता विचारू?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. कुकरमध्ये अजून निम्मी ज्वारी शिल्लक होती. मी तिसरा नवा वाडगा खाली काढला, त्याच्यावरचं लेबल नखानं सोलत म्हणाले, "विचारा."

त्यानं विचारलं. अगदी साध्या शब्दांत. ते शब्द मी इथं सांगणार नाही, ते माझ्यापुरते आहेत.

"व्हय," मी म्हणाले.

"खरं?"

"आत्ताच तुमचा भरलेला वाडगा परत केलाय मी."

"तेवढ्यावरच भरवसा ठेवालोय," वीरेश म्हणाला, आणि उठून पुन्हा हात धुवायला मोरीकडे गेला.