म्हसरूळच्या घरातला नवा राऊटर

बसा असे. गच्चीवरचा दिवा चालू राहू द्या, माझी काही हरकत नाही.

जयराम तुमच्यातल्या कुणाला आठवत नसेल. मी टेलिफोनच्या नोकरीत होतो तेव्हा माझ्या हाताखाली खांबावर चढायला शिकला तो. पुढे घरोघरी इंटरनेट जोडून द्यायच्या कामाला लागला. पंचवटीत त्याच्या मालकाचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. थापा मारणारा माणूस नव्हे. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं, तर चहा अर्धा टाकून उठून गेला.

तारीख सांगतो. चौदा मे, दोन हजार चोवीस. मंगळवार. अमावास्या नाही, काही नाही. उकाडा मात्र असा, की भिंतीला हात लावला तरी चटका बसावा.

म्हसरूळच्या पुढे, द्राक्षबागांना लागून रो-हाऊसची एक ओळ आहे. त्यातल्या शेवटच्या घरात संध्या नावाची बाई राहायची. ती आणि तिची सासू धोंडाबाई. संध्या अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाईप करून द्यायची. तिकडे दिवस तेव्हा आपली रात्र, म्हणून काम सगळं रात्रीचं. नवरा आदल्या पावसाळ्यात गेला. भाजीची पिकअप घेऊन वाशीला निघाला होता, कसारा घाटात गाडी दरीत गेली. तिसऱ्या दिवशी तो सापडला. त्याचा फोन काही सापडला नाही. त्या दिवसापासून धोंडाबाईंनी अंथरूण धरलं आणि बोलणंही टाकलं. दहा महिने एक शब्द नाही.

संध्याची तक्रार साधी होती. रोज रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी नेट जातं आणि दहा मिनिटांनी आपोआप येतं. कंपनीनं तिला बजावलं होतं, आता एकदा जरी काम मध्येच तुटलं तर दुसरी माणसं बघू. त्या नोकरीवर दोघींचं पोट.

जयराम दिवसा दोनदा जाऊन आला. बाहेरची वायर तपासली, टोक कापून नव्यानं जोडलं, अ‍ॅडाप्टर बदलला. राऊटर धोंडाबाईंच्या खोलीच्या दाराशी भिंतीवर होता. त्यानं फोन घेऊन गेटपासून आतपर्यंत फिरून पाहिलं. गेटपाशी सिग्नल वीस टक्के, ओट्यावर चाळीस, हॉलमध्ये साठ, म्हातारीच्या खाटेपाशी पंचाण्णव. सगळं जागच्या जागी.

"ताई, दिवसा यात काहीच सापडायचं नाही," तो म्हणाला. "मंगळवारी रात्री मीच येतो. नवा राऊटर घेऊनच येतो."

"या दादा. मला तेवढी नोकरी टिकवायचीय."

रात्री एकच्या सुमाराला तो पोचला. जुना राऊटर काढला, नवा लावला. नेटला नवं नाव दिलं. पासवर्ड तिथल्या तिथे मनाशी जुळवला, अजून संध्यालाही सांगितला नव्हता. जोडलेला होता तो फक्त त्याचा लॅपटॉप. हॉलमध्ये खाली बसून तो राऊटरचं पान, म्हणजे त्या घडीला कोण कोण जोडलंय त्याची यादी, उघडून बघत राहिला. संध्या खुर्चीत. आतल्या खोलीत म्हातारीचा पंखा घरघरत होता.

एक अडतीस.

एक एकोणचाळीस.

एक चाळीस.

राऊटरचे दिवे चालूच राहिले. हिरवेगार. एक्केचाळीस झाले तरी नेट गेलं नाही.

"बघा ताई, राऊटरच खराब होता."

संध्यानं डोळ्यांना पदर लावला. कित्येक दिवसांनी सुटल्यासारखी हसली. जयरामनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, आणि थांबला. यादीत दुसरी ओळ आली होती.

"तुमचा फोन जोडलात का?"

"कसा जोडणार? पासवर्ड कुठे दिलात तुम्ही?"

"मग हा धनराज कोण? शेजारचे का?"

जयरामनं वर पाहिलं. संध्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"त्यांचा फोन..." ती म्हणाली. "तो तर दरीत..."

नावापुढे सिग्नल दिसत होता. वीस टक्के.

गेटपाशी.

जयराम उठून खिडकीशी गेला. गेटला आतून कुलूप. रस्त्यावरचा दिवा लख्ख. कुणी नाही. कुत्रंही नाही.

तो परत लॅपटॉपपाशी आला.

चाळीस.

ओट्यावर काहीही वाजलं नाही. कडी हलली नाही. पाऊल नाही. दोघं दाराकडे बघत राहिले.

साठ.

हॉल. ते बसले होते तोच हॉल. जयराम मला म्हणाला, काका, थंड वारा वगैरे काही आलं नाही. काहीच झालं नाही. तेच सोसवेना. संध्यानं दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले... वाट द्यावी तसे.

सत्तर.

ऐंशी.

पंचाण्णव.

आणि आतून आवाज आला. दहा महिने न बोललेल्या म्हातारीचा.

"आला का रे बाबा?"

मग ती गप्प. कुणाचं तरी ऐकत असावी तशी. मग "हां"... मग पुन्हा गप्प... मग "एकटाच होता का रे तिथं?"

तेव्हा जयरामच्या डोक्यात प्रकाश पडला. जुना राऊटर रोज याच वेळेला बंद पडायचा. दहा मिनिटं. म्हणजे रोज काहीतरी गेटपर्यंत यायचं, आणि आत घ्यायला कुणी नसायचं म्हणून परत जायचं. आज आत घेणारा जयरामनं स्वतःच्या हातानं भिंतीवर लावला होता.

तो धावला. वायर उपटली. राऊटर खिळ्यासकट ओढून काढला.

राऊटरचे दिवे गेले. पंखा तेवढा फिरत होता.

धोंडाबाई उठून बसल्या होत्या. टक्क जाग्या. जयरामकडे पाहून म्हणाल्या,

"बंद का केला रे? बोलत होता ना तो."

जयरामनं लॅपटॉप बंद केला, राऊटर पिशवीत कोंबला. संध्या मागे आली. "दादा, उजाडेपर्यंत थांबा. हात जोडते."

तो थांबला नाही. हे सांगताना त्याची मान खाली होती. गाडी काढली आणि पंचवटीत घरी येऊन दाराला आतून दोन कड्या लावून बसला. पिशवी समोर. रात्रभर तिच्यावरची नजर हलवली नाही.

सकाळी संध्याचा फोन आला. सासूबाई गेल्या. पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी. ती खाटेशीच बसून होती. म्हणाली, "जाईपर्यंत बोलत होत्या, दादा. माझ्याशी नाही."

जयरामला दोष तिनं कधी दिला नाही. तेराव्यानंतर घराला कुलूप लावून मनमाडला बहिणीकडे निघून गेली. नोकरी गेलीच.

पुढे तिचं कनेक्शन बंद करायचं म्हणून जयराम ऑफिसात तिच्या लाईनची नोंद उघडून बसला. त्या रात्रीची. वाटलं होतं, वायर उपटली तिथे नोंद संपेल.

संपली नव्हती. नव्या राऊटरचा नंबर, म्हसरूळचा पत्ता. पहाटे चार दहापर्यंत चालू. पिशवीतला राऊटर... त्याच्या डोळ्यांसमोर होता तो.

आणि बंद झाल्याच्या वेळेपुढे एक रकाना असतो. त्या क्षणी किती जण जोडलेले होते, त्याचा. जयरामचा लॅपटॉप तर निघतानाच बंद झाला होता.

त्यात आकडा होता दोन.