ब्रेकच्या दिवशीचा खो

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझी मावसबहीण तृप्ती शपथेवर सांगते, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या मार्चमधली संध्याकाळ. भंडारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. तिथल्या नगरपरिषदेचं मैदान.

तृप्ती सानगडीची. नगरपरिषदेत कंत्राटी क्रीडा मार्गदर्शक. मुलींना खो-खो शिकवते, उन्हाळी शिबिरं घेते, म्हाताऱ्यांचा योगवर्गही तिच्याच गळ्यात. ध्यास एकच... कायम नोकरी. त्यापायी तिनं नागपूरच्या शाळेतली चालून आलेली नोकरी नाकारली. वेडीच ती!

कारण इथली रीतच अशी. अकरा महिने राबवून घ्यायचं, मग एक दिवसाचा 'ब्रेक' द्यायचा. म्हणजे सलग नोकरी दिसत नाही, कायम करायची भानगड नाही.

तिच्या आधी चंद्रकांता मॅडम होत्या. असे ब्रेक घेता घेता त्यांचे केस पांढरे झाले. शेवटी कावीळ झाली, आणि त्या गेल्या नेमक्या ब्रेकच्या दिवशी. ऑफिसातून साधा हारही आला नाही. बाबू म्हणाले, "त्या दिवशी त्या आपल्या कर्मचारीच नव्हत्या ना!"

ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या संध्याकाळी तृप्तीचा ब्रेक होता. म्हणजे खेळ बंद. पण तिचं हेल्मेट मैदानावरच्या स्टोअरमध्ये राहिलं होतं, ते आणायला ती गेली.

फाटकातच थबकली.

मैदान ताजं आखलेलं होतं. पांढऱ्याशुभ्र फक्कीच्या रेघा...

फक्कीचं पोतं स्टोअरमध्ये. स्टोअरला कुलूप. आणि चावी तृप्तीच्या पर्समध्ये!

मुली दोन खांबांमध्ये ओळीनं बसल्या होत्या. एरवी नुसता कलकलाट. आज चिडीचूप.

मग आवाज आला...

"खो!"

बाईचा आवाज. घोगरा.

डिंपल नावाची पोरगी उसळून धावली. खो-खोत मागून पाठीला हात लावून खो देतात. मिळाला की उठून धावायचं, आणि देणाऱ्यानं आपल्या जागेवर बसायचं.

पण डिंपलच्या मागे कोणीच नव्हतं.

तिची जागा रिकामीच राहिली. तिथली माती मात्र... हळूच दबली.

तृप्तीनं ओरडून डिंपलला बोलावलं. "कोण घेऊन राहिलं खेळ?"

"चंद्रकांता मॅडम ना," पोरगी धापा टाकत म्हणाली. "ताई, तुमी काहून आल्या? तुमचा त ब्रेक हाये. ब्रेकच्या दिवशी त्याच येतेत."

आणि ती परत पळाली. तिच्या पाठीवर पाच बोटं उमटली होती. फक्कीची.

हेल्मेट गेलं उडत. तृप्ती स्कूटीकडे वळली. तेवढ्यात अगदी कानाजवळ, मायेनं...

"खो."

वळून पाहिलं. कोणी नाही.

घरी कशी पोचली, तिलाच ठाऊक नाही. मावशी ओसरीवर भाजी निवडत होती.

"तृप्ते, पाठीले काय लागलं वं? चुन्यावानी दिसते."

दुसऱ्या दिवशी बाबूंनी नवीन ऑर्डर पुढे केली. तृप्तीनं सही केली. करणार काय? नागपूरची जागा केव्हाच भरली होती.

तो खो मला अजून डाचतो. 'ऊठ, पळ इथून' असं सांगायचं होतं का मॅडमना? की स्वतः बसून आता हिला धावायला लावलं?

पुढचा ब्रेक फेब्रुवारीत आहे.

परवा भेटली तेव्हा तिचे डोळे मला पिवळसर वाटले...

"काही नाही गं, जागरणानं असन," म्हणाली.

डॉक्टरकडे जायला सुट्टी मिळत नाही म्हणे.