एका वाकण्याला एक उत्तर

व्यायामाच्या खोलीत पहिल्याच दिवशी शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "कंबर उचलतेस. गुडघा कुठे वाकतोय?"

माझ्याच वयाचा एक लांबुडका मुलगा... माझ्यासारखंच मांडीचं हाड मोडून आलेला. सायकलवरून पडल्यावर माझं हाड छान जुळलं, पण गुडघा असा आखडला की टाच मागे ओढताना प्राण कंठाशी यायचे. म्हणून मी हळूच कंबर उचलायचे. आमच्या फिजिओथेरपीच्या ताईंना वाटावं, वाकला! लंबूने माझं पितळ उघडं पाडलं. असला राग आला म्हणून सांगू.

पण ताई बोलल्या आणि राग कुठल्या कुठे पळाला. पुढच्या तपासणीपर्यंत गुडघा काटकोनापलीकडे गेला नाही, तर डॉक्टर भूल देऊन तो वाकवणार होते. घरी आईच्या कुशीत मी ढसाढसा रडले. ऑपरेशनच्या वेळची ती भूल मला पुन्हा नको होती.

ते लंबूच्या कानावर गेलं. म्हणाला, "दुखलं की तू श्वास धरतेस. त्यापेक्षा बोल. टाच सरकली की एक प्रश्न विचार—खरं उत्तर देईन."

आणि मी तर जन्माची भोचक! तो पडला कसा, हे आधी विचारलं. मांजर उतरवायला झाडावर चढला होता. मांजर आपलं आपण उतरलं, हा पडला. हसता हसता टाच थोडी सरकली. मग रोजच सरकू लागली...

तपासणीच्या दिवशी माझा रुमाल खाली पडला. त्याने उचलला—चक्क उकिडवा बसून! मी बघतच राहिले.

"तुझा गुडघा बरा झालाय? मग येतोस कशाला?"

"आधी टाच."

ओढली. डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडते की काय! अजून थोडी... अजून... ताईंनी गुडघ्याला कोनमापक लावला. काटकोनापलीकडे गेला, आता भूल नको, असं काहीसं त्या म्हणाल्या. माझं लक्ष त्याच्या लाल झालेल्या कानांकडे होतं.

"तू येतेस म्हणून," तो म्हणाला.

मलाही तो आवडत होता, फार आवडत होता—आणि हे मला आत्ता कळत होतं.

"उद्या येशील?"

"हा दुसरा प्रश्न झाला."

मी टाच आणखी थोडी ओढली.