स्टोवाला शालिकराम अन् बाबाची ड्यूटी

एकसष्ट सालची गोष्ट. भर दुपारी मरोदा स्टेशनाजवळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरायच्या लाइनीत एक सायकल रिक्शा घुसला. वर भोंगा. आत एक माणूस – लुगडं नेसलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अन् मिशा तशाच. समोर स्टोवर चहा उकळून राहिला, हातात माइक.

"सासूनं मले हाकललं होतं हो बायांनो... शालिकरामचा स्टो घेतला, आता सासूच माहे पाय दाबते."

सारी लाइन हासे. पण माहे बाबा पॉइंट्समन, गाड्यायचे सांधे बदलवणारे; रातपाळी करून आत्ताच झोपले होते. मी लाटणं घेऊनच बाहेर गेली.

"ओ बाई, बंद करा ते."

"बाई नाही जी, मी शालिकराम."

"दिसून राहिलं. बाबा झोपले माहे."

"मंग... जागे केव्हा राहतात?"

"पुढच्या हप्त्यात दिवसपाळी."

"अन् त्याच्या पुढच्या?"

तेही सांगतलं, इथंच माहं चुकलं. दर सोमवारी हा ड्यूटी विचाराले हजर. गावभर बोंबलणारा माणूस आमच्या दारात कुजबुजे. एकदा तं रावण बनून आला, दहाही तोंडं चौकटीत अडकली.

"एका तोंडानं विचारलं असतं तं चाललं नसतं का?" म्हणलं. "बाबायपासून ड्यूटीचा कागदच मागून घ्या ना एकदाचा."

"कागदावर तुमचं चिडणं थोडीच लिहून राहते..."

मी खाली पाहिलं. हाताले कणीक होती, ती उगाच काढत बसली.

सहा महिने झाले, गडी पुढं सरकेच ना. तेवढ्यात नागपूरचं स्थळ आलं.

"येत्या इतवारी भोंगा घेऊन इकडं येऊ नका," मी सांगतलं.

"कावून? बाबाची तं—"

"पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले."

"...बरं," म्हणला. नुसतं बरं. त्या दिवशी माह्या साऱ्या पोळ्या जळल्या.

शनिवारी सांजच्याले आला. पांढरा सदरा, भांग पाडलेला. बाबायनं वळखलंच नाही.

"कोण पाहिजे?"

"मी ते... स्टो..."

"आहे आमच्या घरी स्टो."

"हो... म्हणजे मी..." अन् गटागटा पाणी पेला.

"बरं, या मंग," म्हणून बाबा त्याच्यामागं दार लावाले उठले. माहं टकुरं फिरलं.

"बसा, बाबा. हा शालिकराम. मले मागाले आला. मूग गिळून बसला मेला."

"तुले कसं मालूम?"

"सहा महिन्यापासून मालूम आहे. अन्... मले चालते."

बाबायनं त्याले वरून खालपर्यंत पाहिलं. "तोच का, लुगडेवाला?"

"जी."

"अन् लग्नात काय नेसशीन?"

"तुमी म्हणसान ते."

बाबायनं टोपी घातली. "स्टेशनावर जाऊन येतो. गार्डाच्या हाती नागपूरले निरोप देतो, उद्या येऊ नका म्हणून."

दारात आमी दोघंच राहिलो.

"हिरा..."

"आता आलं का बोलाले?"

"नाही... आणखी पाणी देता का?"

काय बोलावं अशा माणसाले. दिलं पाणी. त्यानं अर्धा ग्लास पांढऱ्या सदऱ्यावरच सांडला. मंग मीच धरला – त्याच्या हातासकट.